मधाच्या रंगाची मूठ

डेल्फियाने कप्पा ओढला, तसा आतून कापराचा वास आला. कापराचाच, पण आंबलेला. रॉइसने वाकून हुंगलं आणि हातातला कॉफीचा कप खाली ठेवला.

"हा शेवटचा कधी उघडलास?"

"क्लेल गेल्यापासून नाही."

नवऱ्याचे चाकू विकायचं तिने ठरवलं होतं. कुठला चाकू कोणत्या काळातला, हे क्लेलनंतर केंटकीच्या त्या खोऱ्यात रॉइसलाच सांगता येत होतं. दोघे जन्मभराचे दोस्त. दर शनिवारी कोर्टासमोरच्या हिरवळीवर बसून चाकूंची अदलाबदल करणारे. बाकीचे कप्पे क्लेलने त्याला कितीदा तरी दाखवले होते. हा मात्र कधीच नाही.

बाहेर दरीतलं धुकं अजून उठलं नव्हतं. टेकड्या असून नसल्यासारख्या वाटत होत्या. रॉइस एकेक चाकू उघडून पात्याच्या मुळाशी भिंग धरत होता.

"हा पहिल्या महायुद्धाच्या आधीचा. हा तर त्याहून जुना. ही कंपनीच्या ठशाची अक्षरं कमानीसारखी वळवलीयत ना, ती पुढं सरळ केली त्यांनी. लबाड लेकाचा, सगळी खाशी मंडळी इथं दडवून बसला होता."

डेल्फिया हसली. रॉइसचा हात मात्र कप्प्याच्या मध्यावर येऊन थांबला. तिथल्या चाकूंची पाती गंजाने खाल्ली होती. त्यांच्या मधोमध मधाच्या रंगाच्या मुठीचा एक चाकू होता. मुठीला बारीक तडे गेले होते आणि ती बोटांना चिकटत होती.

"सेल्युलॉइड," रॉइस म्हणाला. "ही मूठ सडायला लागली की तिच्यातून वाफ सुटते आणि शेजारचं पोलाद खाते. मला हे क्लेलनेच शिकवलं. आणि त्यानेच हा इथं ठेवावा?"

त्याने भिंग लावलं. "ठसा सरळ आहे. एकोणीसशे तीसच्या दशकातला. या कप्प्यात याचं काय काम..."

मुठीच्या टोकाला पितळेची टोपी होती. तिच्यावर खिळ्याने कोरलेलं वाकडंतिकडं 'डी' होतं. त्यावरून त्याचा अंगठा हळूच फिरला. मग त्याने चाकू तिच्यापुढे धरला.

डेल्फियाने तो लगेच घेतला नाही.

तिच्या लग्नाआधीच्या एका उन्हाळ्यात ती आणि रॉइस नदीकाठी हिंडायचे. पुढे ते का थांबलं, हे दोघांपैकी कुणी कधी उच्चारलं नाही.

"तू दिलेला तो चाकू मी विकला होता," ती म्हणाली. "फिरत्या भांडीवाल्याला. लग्नाच्या आदल्या आठवड्यात."

"मग क्लेलनं कुठून शोधून काढला?"

"मला काय ठाऊक? मला तर हा घरात आहे हेही माहीत नव्हतं."

दर रविवारी चर्चहून आल्यावर क्लेल हा कप्पा उघडून खिडकीशी बसायचा. चाकूंना हात लावायचा नाही, पुसायचा नाही. नुसता बसायचा. कोंबडी निवत चालली की ती आतून ओरडायची, "ये आता, पळून जात नाहीत ते."

"आलो गं. जरा वारा लागू दे त्यांना."

ती समजायची, म्हातारा वेडा झालाय चाकूंपायी.

तिने रॉइसला हे सांगितलं. धुक्यातून कुणाच्या तरी गाईची घंटा ऐकू येत होती, कधी जवळून, कधी फार लांबून.

"वाऱ्याने टिकतो हा," शेवटी तो म्हणाला. "कोंडला की संपला. क्लेल होता तोवर त्याने जपला." मग इकडे तिकडे पाहत म्हणाला, "मी नेऊ का? तसा माझाच होता. माझ्याकडे पडून राहील शेडमध्ये."

डेल्फियाने त्याच्या तळव्यावरून चाकू उचलला. नख लावून पातं ओढलं. अजून खटकन उघडलं ते.

"नको, रॉइस," ती म्हणाली. "हा क्लेलचा आहे."

रॉइसने मान हलवली. खुर्ची पुढे ओढून तो गंजलेले चाकू एकेक करून फडक्यावर काढू लागला.

"कप्पा दर आठवड्याला उघडावा लागेल," खाली बघतच तो म्हणाला.

"उघडेन."