आहेराच्या ताटावरचा हात

"जे करायचं ते हितंच कर. माझ्या डोळ्यांदेखत," बन्सीधर म्हणाले आणि स्टूल ओढून काउंटरला चिकटून बसले.

धम्मानंदला हसू आलं. मानवतच्या त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात लोक लॅपटॉप टाकून बाजाराला जात. हे गृहस्थ मात्र जेवणाचा डबा घेऊन आले होते. "काका, खोलायचं कामच न्हाई. मशीन जुनी हाय आन् व्हिडिओ लय भारी. फोर-केमधी शूट केलाय. हिला पेलंना गेलाय."

बन्सीधर तीस वर्षं धान्याच्या मोंढ्यात मापाडी होते. काट्याला बोट लावणारे, पोत्यात खडे मिसळणारे, सगळे त्यांनी पकडले होते. आता काम सुटलं तरी नजर काट्यावरचीच. घरातल्या साखरेच्या डब्यावरसुद्धा ह्यांचा पहारा असतो, असं बायको म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं.

व्हिडिओ त्यांच्या थोरल्या मुलीच्या, राजेश्रीच्या लग्नाचा होता. त्या दिवशी आहेराच्या ताटातली अंगठी गेली. लॅपटॉपवर चित्र अडखळत चालायचं आणि नेमकं आहेराच्या जागी गचके खायचं. बन्सीधरांची धाकटी बहीण दगडाबाई मागे वळून बघते, गचका. हात ताटात; गचका. हात कमरेच्या पिशवीवर. एवढं बन्सीधरांना पुरेसं होतं. तीन भाऊबीजा तिला बोलावणं गेलं नाही. आता निकिताचं, धाकट्या मुलीचं लग्न ठरलं होतं, आणि हळदीला आत्या पाहिजेच म्हणून बायको हटून बसली होती. "आदी चोरी दाखवतो, मंग बोल," असं तिला ऐकवून ते सकाळीच निघाले होते.

धम्मानंदने आहेराचा तेवढा भाग हलका करायला लावला. तासाभराने म्हणाला, "झालं. नऊ जीबीचं दोन जीबीत बसवलं."

बन्सीधर ताडकन उठले. "आन् बाकीचे सात?"

"गेले की."

"गेले म्हंजी? नवाचं दोन व्हतंय आन् तू हसायलास? काय काय काढलंस त्यातलं? दगडीच्या नवऱ्याचा फोन आलता का तुला?"

"काका, ही काय ज्वारी हाय का? चित्र तेच हाय, बारीकी कमी केली फकस्त. घड्याळ लावून बघा."

बन्सीधरांनी खरोखरच घड्याळ काढलं. जुना भाग एकेचाळीस मिनिटांचा, नवाही एकेचाळीसचाच. तरी मनातली पाल चुकचुकतच होती. "लाव," ते म्हणाले.

चित्र कुठेही न अडखळता सुरू झालं. लाउडस्पीकरवर आहेराची नावं पुकारली जात होती. दगडाबाई ताटाशी आली. तिने मागे वळून पाहिलं. मागे तिचा नवरा व्यंकटी कुणाशी तरी गप्पा मारत होता, त्याचं लक्ष नव्हतं. मग तिने कमरेच्या पिशवीतून चांदीचे पैंजण काढले, ताटातल्या खणांखाली सरकवले आणि पिशवीची नाडी पुन्हा आवळली.

"परत लाव," बन्सीधर म्हणाले. धम्मानंदने तीनदा लावलं. अंगठी तिच्या हातात कुठेच नव्हती.

ते पैंजण राजेश्री अजून घालत होती. ताटात बिननावाचे निघाले, तेव्हा आहेरात एवढी चांदी देणारे सोयऱ्यांत एकटे भगवानरावच, असं धरून बन्सीधरांनी त्यांना मुद्दाम घरी बोलावून जेवू घातलं होतं. भगवानरावही गपगुमान जेवून गेले होते. ऊसतोडीवर जाणाऱ्या बहिणीने नवऱ्याला चोरून किती हंगाम पैसे जमवले असतील तेवढ्या चांदीसाठी! बन्सीधरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाहेर येऊन त्यांनी फोन लावला. दगडाबाई गंगाखेडकडे उसाच्या फडात होती. तीन वर्षांनी भावाचा आवाज ऐकून ती घाबरलीच.

"दादा? कोन गेलं रे?"

"कोनी न्हाई गेलं."

"खरं सांग. वैनी बरी हाय न्हवं?"

"बरी हाय. समदे बरे हाईत. दगडे, मी..."

"मंग ऱ्हाऊ दे आता. मोळ्या बांधायलाव, गाडी उभी हाय. सांच्याला लाव."

"उचलशील न्हवं?" बन्सीधरांनी विचारलं. पण तोवर तिने फोन ठेवला होता.