खुरपायला बसलेली बाई

“अडीचशे शब्दांत काय काय कोंबणार, सुदर्शन?” चाचणीच्या प्रमुख डॉक्टर राजनंदिनी मॅडमनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. “सारांश आहे हा, अख्खा लेख नाही.”

सुदर्शन दौंडच्या एका खासगी रुग्णालयात संशोधनाची आकडेमोड करायचा. गुडघेदुखीच्या नव्या गोळीची चाचणी नुकतीच संपली होती. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची. मोजायचं काय, हे त्यानेच सुचवलं होतं: खुरपायला बसलेली बाई आधाराशिवाय उठते का? त्याच्या भागात गुडघ्याची याहून खरी परीक्षा नाही. मॅडमनाही ते पटलं होतं. “आधी प्रश्न ठरवायचा, मग आकडे बघायचे. उलटं करतो तो चोर,” हे त्यांचंच वाक्य, आणि या भाबड्याने ते देव्हाऱ्यात ठेवल्यासारखं जपलं होतं.

आकडे आले. उठण्यात काडीचाही फरक नव्हता.

सारांशात मात्र उठणं-बसणं कुठेच नव्हतं. पन्नाशीच्या आतल्या मूठभर बायकांचं दुखणं जरा कमी झालं होतं, तेवढंच उचलून वर ‘गुणकारी’ असं ठोकलं होतं. बाकीच्या लबाडीवर एकाच ओळीचं पांघरूण होतं: ‘योग्य त्या सांख्यिकी पद्धती वापरल्या.’

“मॅडम, हा गट आपण आधी ठरवलाच नव्हता. असे गट पाडत बसलं तर योगायोगानेही एखाद्यात फरक दिसतोच.”

“ते मुख्य लेखात येईल की.”

“डॉक्टर सारांशच वाचतात. तुम्हीच सांगायचात.”

“लेखकांत तुझं नाव दुसरं घातलंय, बघितलंस का?”

“काढा ते.”

“बरं, काढते,” मॅडम म्हणाल्या आणि खरंच काढलं. तेही अगदी सहज. ज्यांच्या शब्दावर विसंबून तो चाचणीसाठी बायका जमवत गावभर फिरला, त्यांनीच त्याला तोंडघशी पाडलं होतं.

पुढे तो सारांश परिषदेत वाचला गेला आणि रुग्णालयाच्या दारात ‘गोळी गुणकारी’ असा फलक लागला. सुदर्शन गावी, वरवंडला ताईबाई मावशीकडे गेला, तेव्हा ती उंबऱ्याजवळ बसून मेथी निवडत होती. चाचणीत तीही होती.

“गोळी समद्यांला लागू पडली म्हनं. बोर्ड लावलाय,” ती म्हणाली. “मंग माझ्याच गुडघ्यात खोट हाय व्हय रं?”

“न्हाई मावशे. त्या गोळीनं उठन्यात काय फरकच पडला न्हाई.”

“मंग बोर्ड?”

त्याने सगळं सांगितलं. मावशीचे हात मेथीतच थांबले.

“म्हंजी आमाला उठाबसा काढाय लावल्या, आन् त्येच गाळलं?”

“व्हय.”

“तू हाईस म्हनून गेले व्हते मी. आळीतल्या बायाबी माझ्याच शब्दावर आल्या. त्यांला काय सांगू आता?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं.  मी माझं नाव काढायला लावलं, हे सांगायचंही सुदर्शनच्या जिवावर आलं.

मावशीने देठं सुपात गोळा केली. उठताना त्याच्या खांद्यावर भार द्यायची तिची नेहमीची सवय. तो पुढे सरकला आणि त्याने खांदा खाली केला.

“ऱ्हाऊ दे,” ती म्हणाली आणि दाराची चौकट धरून उठली.