पाहुण्यांसाठी उघडणारा सोफा

मी एक सोफा-कम-बेड. दिवसा सोफा, पाहुणा आला की पलंग. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्स गावातल्या एका भाड्याच्या घराच्या हॉलमधून बोलतोय. दुसरीकडून बोलायची माझी सोयच नाही.

मी इथे सपाट खोक्यांतून आलो. परीक्षित आणि त्याचा ऑफिसातला मित्र अजय यांनी एका रविवारी मला हॉलमध्येच जोडलं. शेवटचा स्क्रू पिळून झाल्यावर अजयने आधी माझ्याकडे पाहिलं, मग दाराकडे.

"अरे, हा आता बाहेर कसा काढणार?"

"कशाला काढायचाय बाहेर?" म्हणत परीक्षित माझ्यावर धपकन बसला.

झालं. माझ्या जन्मठेपेचा निकाल इतक्या सहज लागला.

परीक्षित पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर आलेला. दोन हजार सातच्या सुमारास त्याला एक वेबसाइट सापडली. परक्या गावात हॉटेलऐवजी तिथल्याच कुणाच्या तरी घरी फुकट झोपायचं आणि आपल्या गावात आलेल्याला आपल्या घरी झोपवायचं.

"बघ चैत्राली, खिशात पैसे नसलेल्या माणसालाही जग बघता येतं! यालाच म्हणतात समता," तो बायकोला म्हणाला.

मला भरून आलं. आपण यासाठीच जन्मलो, असं वाटलं. आजही वाटतं. माणसं एकमेकांच्या घरी निर्धास्त झोपायला लागली, तर ती एकमेकांवर बॉम्ब कशी टाकतील, सांगा!

लंडन परवडेना की पोरं आमच्याकडे उतरत. लिस्बनचा एक लंबू आला, त्याचे पाय रात्रभर माझ्याबाहेर. प्रागचं एक जोडपं आलं, त्यांच्या मोज्यांबद्दल मी बोलणार नाही. परीक्षित त्यांच्याशी सीमा, व्हिसा आणि युद्धांवर तासन् तास बोलायचा. चैत्राली तव्यावरून गरम पोळ्या आणून वाढायची. पाहुण्याने ताटावर हात आडवा धरला, तर पोळी हातावर पडायची.

सकाळी परीक्षित गाडी घेऊन जायचा. मग घरात ती आणि मी. पुण्यात ती स्कूटरवरून दिवसभर भटकायची म्हणे. इथे मात्र त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "गाडीशिवाय या गावात काही नाही. तुझं लायसन्स झालं की बघू." लायसन्स पुढे ढकललं जात राहिलं. ती माझ्यावर बसून खिडकीबाहेर बघायची. बसणारी आणि बसवून घेणारा, दोघेही सारखेच अडकलेले.

मग पोलंडची मार्ता आली. पहिल्याच सकाळी तिने विचारलं, "आज काय बघू तुमच्या गावात?"

चैत्रालीचं लाटणं थांबलं. "शॉपिंग सेंटर."

"आणि?"

"ते खूप मोठं आहे."

मार्ता हसली. "मागच्या लाल रस्त्याने तळ्यावर जाऊ या ना. चालत."

"तो सायकलवाल्यांचा आहे. आपल्याला परवानगी नाही."

"कोण म्हणालं?"

कुणीच म्हणालं नव्हतं. घरामागून जाणारा तो लाल डांबराचा रस्ता चैत्रालीने आल्या दिवशी पाहिला, नियम मोडायला नको म्हणून मनातल्या मनात स्वतःला बंदी घातली, आणि इतकी वर्षं ती पाळली. नियम पाळणाऱ्या माणसांच्या या गुणाचा मला संताप येतो.

संध्याकाळी चिखलाचे बूट दारातच टाकून ती परीक्षितला सांगत होती, "अरे, तो रस्ता राउंडअबाउटच्या खालून जातो! एक गाडी आडवी येत नाही! सगळं गाव चालत बघता येतं!"

"हो? छान. आज भाजी काय आहे?"

त्यानंतर ती रोज जायला लागली. आणि एक दिवस तिने विचारलं नाही, सांगितलं. "मी साउथहॅम्प्टनला जातेय. दोन रात्री. बोटी बघायला. तुझ्या त्या वेबसाइटवर जोन म्हणून रिटायर्ड नर्स आहेत, त्या ठेवून घेतील. त्यांच्याकडे सोफा आहे."

"ओळख ना पाळख, त्यांच्याकडे राहायचं?"

"मार्ता काय माझी मावसबहीण होती?"

"ते वेगळं. ती आपल्याकडे आली होती. आपण कुणाकडे फुकट राहत नाही, चैत्राली. आईला काय सांगू? सून लोकांच्या सोफ्यावर झोपायला गेली?"

"लोकांच्या सुना आपल्या सोफ्यावर झोपून गेल्या."

"हॉटेल बुक करतो. दोघं जाऊ."

"कधी?"

"बघू."

त्या 'बघू'ने माझी एकूण एक स्प्रिंग पेटली. देताना ताठ मानेने समता सांगायची आणि घ्यायची वेळ आली की इज्जत आडवी! माझ्यावर झोपलेल्या प्रत्येकाने अनोळखी दार वाजवायचं धाडस केलं होतं. सगळ्यांना यजमानच व्हायचं असेल, तर ही समता नाही, नुसतं मिरवणं आहे. पण मी ओरडणार कसा? मी फक्त करकरतो, आणि त्यावर परीक्षित म्हणतो, "याला तेल घालायला हवं."

दुसऱ्या दिवशी दुपारी चैत्रालीने मला उघडलं. पाहुण्यांची चादर घातली, पायथ्याशी टॉवेलची घडी ठेवली आणि स्वतः माझ्यावर आडवी झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

परीक्षित आला. उघडा सोफा दिसताच त्याच्या चेहऱ्यावर पाहुण्यांसाठीचं हसू आलं. "अरे वा! कोण आलंय?"

"मी."

हसू तसंच राहिलं, त्यामागे काही उरलं नाही.

"काय चाललंय हे?"

"पाहुणी आहे. उद्या सकाळी निघणार. चहा मिळेल?"

तो स्वयंपाकघरात गेला. मग किटलीचा आवाज आला. चहा आणून त्याने तिच्या हातात दिला. फार गोड झाला असावा, तिने तोंड वाकडं केलं, पण प्यायली.

"बसस्टॉपवर सोडू?"

"नको. चालत जाईन."

ती आज सकाळी गेली. मी अजून उघडाच आहे. परीक्षितला मला मिटता येत नाही, कधी वेळच आली नाही. तो माझ्या कडेला बसून फोनकडे बघतोय. आम्ही दोघं इथेच.

साउथहॅम्प्टनच्या सोफ्या, तू कसा आहेस मला माहीत नाही आणि आपली भेट होणार नाही. आज एक बाई तुझ्यावर झोपेल. अंग चोरून, अगदी कडेला. तिला घ्यायची सवय नाही रे. सकाळी सगळ्यांच्या आधी उठून चादरीची घडी घालेल आणि जोनबाईंची भांडी घासायला धावेल. तेवढं होऊ देऊ नकोस. तुझी मधली दांडी तिच्या पाठीला लागू देऊ नकोस. मऊ बाजू दे. आणि उन्हं आत येईपर्यंत तिला झोपू दे.