कट केलेली फाइल

बोर्ड छापायच्या त्या दुकानात कॉम्प्युटर होता, म्हणजे आपला होता म्हणायचं. पंखा घरघरायचा आणि डिस्क कायम गळ्यापर्यंत भरलेली. त्यामुळे दुकान चालवणाऱ्या बारक्याला एक सवय लागली होती. काम झालं की फाइल कट करायची आणि बाहेरच्या ड्राइव्हवर टाकायची. कॉपी करून दोन-दोन ठिकाणी ठेवायला जागा होती कुठे? डोळे मिटले तरी त्याची बोटं कंट्रोल आणि एक्सवर बरोबर पडायची. त्या दुपारीही पडली, आणि तिथेच घात झाला.

कारण त्या फोल्डरमध्ये कुणाचे बोर्ड नव्हते. दुकानातल्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण होतं, आवाजासकट. दाजींच्या जाचाला कंटाळून त्याची ताई माहेरी आली, त्यानंतर एकदा ती छोट्या चिमीला घेऊन दुकानात बसली होती. दाजी तिथे येऊन थडकले. काउंटरवर हात आपटून म्हणाले, पोर माझ्या ताब्यात दे, नाहीतर तुला जाळून टाकीन. आता चिमी कुणाकडे राहणार ते कोर्ट ठरवणार होतं, आणि कोर्टात दाजी अगदी गरीब गाय होऊन बसायचे. त्यांचं खरं रूप दाखवायला ताईकडे होतं काय, तर हे एवढं चित्रण. ते उद्या सकाळी वकीलबाईंच्या हातात द्यायचं होतं.

खरं तर वकीलबाईंनी आधी बारक्यालाच विचारलं होतं, तुम्ही तिथेच होतात ना, मग साक्ष द्याल का? बारक्याची ततपप झाली. दाजींसमोर उभं राहायची त्याची हिंमत नव्हती. चित्रण आहे की, मग मी कशाला, असं म्हणून त्याने अंग काढून घेतलं होतं.

तर त्या दुपारी फाइल जाताना दिसणारी हिरवी पट्टी निम्म्यावर आली, पडदा एकदम निळा झाला आणि कॉम्प्युटर बंद पडला.

बारक्याने तो पुन्हा चालू केला, ड्राइव्ह काढून परत लावला. पुन्हा निळा पडदा. वायर बदलली. या खेपेला कॉम्प्युटर टिकला, पण त्याने विचारलं काय, तर हा ड्राइव्ह वापरायचा असेल तर फॉरमॅट करावा लागेल, करू का? अरे, करू का म्हणजे? आतलं सगळं पुसून टाकू का, असंच विचारत होता की तो! बारक्याने घाईघाईने ‘नाही’ दाबलं आणि मूळ फोल्डर उघडला. कॅमेरा लहान लहान तुकड्यांत चित्रण साठवायचा. त्यातले शेवटचे काही तुकडे फोल्डरमध्ये होते. दाजी ज्यात होते तो तुकडा नव्हता. तो केव्हाच कट होऊन ड्राइव्हवर गेला होता, आणि ड्राइव्ह तर उघडतच नव्हता.

त्याने डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर म्हणजे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा, पण सगळा बाजार त्याला डॉक्टरच म्हणायचा. त्याने विचारलं, घाबरतोस काय, कॉपीच करत होतास ना? कट करत होतो, बारक्या म्हणाला. डॉक्टर म्हणाला, आलो, कशाला हात लावू नकोस.

तो येईपर्यंत बारक्या नुसता बसून राहिला. बाहेर एखादी मोटरसायकल थांबली की तो उठून दारातून बघायचा. दाजींना कळलं असेल का? त्यांना कळायचं काही कारण नव्हतं, पण घाबरलेल्या माणसाला कारण कुठे लागतं?

डॉक्टर आणि ताई एकदमच आले. ताई ड्राइव्ह न्यायला आली होती. बारक्याने खाली मान घालून तिला सगळं सांगितलं. ती स्टुलावर बसली आणि पडद्याकडे बघत राहिली. डॉक्टरने पाहिलं तर कॉम्प्युटरच्या एकाच जोडणीवर छापायचं यंत्र, स्कॅनर आणि ड्राइव्ह, तिन्ही लटकलेली. ड्राइव्हला पुरेशी वीजच मिळत नाही, म्हणून तो मधेच मान टाकतो आणि कॉम्प्युटरलाही घेऊन पडतो, असं तो म्हणाला. त्याने ड्राइव्ह थेट कॉम्प्युटरच्या मागच्या बाजूला जोडला आणि पुसलेलं शोधून काढणारा एक प्रोग्रॅम लावला. आकडे हळूहळू पुढे सरकायला लागले. ताईने बारक्याचं मनगट धरलं होतं.

शेवटी तो तुकडा सापडला. डॉक्टरने तो लावला.

पडद्यावर काउंटरपाशी ताई बसली होती. चिमी बोर्डाच्या कापलेल्या तुकड्यावर चित्र काढत होती. काचेच्या दाराबाहेर दाजींची गाडी येऊन थांबली, आणि ती सगळ्यांत आधी बारक्याने पाहिली. त्याने छापायचं यंत्र बंद केलं, वाकला आणि कापडाच्या मोठ्या रोलमागे जाऊन बसला. बहिणीला साधी हाकसुद्धा मारली नाही. मग दार उघडलं, दाजींचा एक पाय आत आला आणि चित्र तिथेच थिजलं.

डॉक्टरने पुन्हा पुन्हा खटपट केली. मग खुर्ची मागे सरकवून तो म्हणाला, पुढचं गेलं, एवढंच हाती लागतंय.

"चिमीला नेणार आता ते," ताई म्हणाली. ती रडली नाही, बारक्याला बोल लावला नाही. बारक्याला वाटलं, हिने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्याने फोन उचलला. वकीलबाईंचा नंबर दोनदा चुकला. फोन लागला तेव्हा त्याने सांगून टाकलं, की चित्रण गेलं, माझ्याच हातून गेलं, पण दाजी काय बोलले ते मी कानांनी ऐकलंय, शब्द न् शब्द माझ्या ध्यानात आहे. तिकडून वकीलबाईंनी विचारलं, त्यांच्या तोंडावर सांगाल? त्यांचा वकील तुम्हाला उलटसुलट विचारेल. तुम्ही तिथे होतात तर बहिणीच्या मदतीला पुढे का आला नाहीत, हेही विचारेल.

बारक्याने वर पाहिलं. पडद्यावर तो अजून रोलमागे वाकून बसलेलाच होता.

"सांगेन," तो म्हणाला. "घाबरून लपलो होतो, तेही सांगेन."