घोडेगावच्या बाजारात सुप्रा

गहिनीनाथ शेठनं हौसेनं सुप्रा आणली, पण ती त्याला झेपली नाही. अ‍ॅक्सिलरेटरला पाय लागायचा अवकाश, ती जपानी गाडी अंगावर येणाऱ्या वळूसारखी उसळायची. म्हणून त्यानं सावेडीचा सम्राट ड्रायव्हर ठेवला. सुप्राच्या आधीच्या पिढ्या सम्राटनं नुसत्या मासिकांत पाहिल्या होत्या. ही नवी, त्र्याण्णवची, त्याच्या हाताखाली मांजरासारखी चालायची.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात शेठ म्हशी बघायला घोडेगावच्या बाजारात गेला. सम्राट गाडीपाशी थांबला. घटकाभरात गर्दी जमली.

"गाडी हाय का बेडूक?" कुणीतरी म्हणालं. सम्राटही हसला.

मग सहादेव नावाचा म्हशींचा व्यापारी काठीसकट बॉनेटवर चढून बसला. त्याची बायको दगडाबाई दावी धरून मागं उभी होती.

"उतरा मालक, पत्रा दबंल."

"आडनाव काय तुजं?"

बौद्धाच्या घरात वाढलेल्या सम्राटला त्या प्रश्नातली खोच शाळेपासून ठाऊक होती. "ड्रायव्हर हाय मी. उतरा."

काठी तोंडावर बसली. ओठ फाटला. दुसरी कानशिलावर. हसणाऱ्यांपैकी मधे कुणी पडलं नाही. तिसरा फटका सम्राटनं हातावर झेलला, काठी हिसकली आणि सहादेवला गचांडी धरून खाली ओढलं. दोघं शेणामातीत लोळले.

तेवढ्यात शेठ आला. त्यानं सम्राटचं रक्ताळलेलं तोंड पाहिलं नाही. बॉनेटचा पोचा पाहिला. शेजारच्या म्हशीचा लोखंडी खुंटा उपसून त्यानं सहादेवच्या जबड्यावर हाणला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

"माझ्या गाडीवर बसतो? माझ्या गाडीवर?" दुसरा घाव डोळ्यावर. सहादेव हलेनासा झाला तरी शेठचा हात थांबेना.

"मरंल त्यो!" सम्राटनं शेठला मागून कव घातली आणि मनगट पिरगाळून खुंटा पाडला. मग सहादेवला उचलला.

"माझ्या सीटवर रक्त नको!" शेठ दार अडवून उभा राहिला. सम्राटनं त्याला असा ढकलला की तो शेणात जाऊन बसला.

नगरच्या रस्त्यावर सुप्रा पहिल्यांदाच पुऱ्या ताकदीनं सुटली. ट्रक उभे असल्यासारखे मागं पडत होते. मागच्या चिंचोळ्या सीटवर दगडाबाई नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती.

"लई लागलं का रं तुला?" तिनं सम्राटला विचारलं.

"लागलं."

"मी बघत हुते. त्यांनी तुला मारलं तवा बोलले न्हाई." मग, "अजून पळव."

सहादेव वाचला; डोळा मात्र गेला. सम्राटनं पोलिसांना घडलं तसं सांगितलं, शेठचंही आणि सहादेवचंही. शेठला अटक झाली. सम्राटची नोकरी गेली आणि तो नागापूरला टेम्पो चालवू लागला.

कोर्टात शेठच्या वकिलानं दगडाबाईला विचारलं, "पहिला हात कुणी उचलला?"

नवरा समोरच बसला होता.

"ह्यांनी," ती म्हणाली.