पाहुण्यांना गावरान, बाजाराला शेडातलं

अवसरी बुद्रुकला सुदर्शनच्या घरी पाहुणा आला, की त्याच्या जेवणाला हमखास उशीर व्हायचा. घरामागं पत्र्याचं लांबलचक शेड, त्यात तीन हजार पांढरेशुभ्र ब्रॉयलर पक्षी. पण त्यांतल्या एकाच्याही मानेला घरची सुरी कधी लागली नाही. अंगणात चारदोन गावरान कोंबडे हिंडत असत, पाहुण्याची गाडी दारात थांबली की सगळं घर त्यांच्यामागं पळायचं. कोंबडाही असा बेरकी, की सरळ बाभळीवर चढून बसायचा. मग खाली सुदर्शन काठी घेऊन उभा, आणि ओसरीवर पाहुणा चहाचा दुसरा कप घेऊन उपाशी!

मार्च महिन्यातल्या एका दुपारी असंच झालं. बटाटे काढून मोकळ्या झालेल्या वावरात मेंढपाळ सोनबानानांची मेंढरं तीन दिवस बसवली होती. मेंढरांचं खत रानाला मिळालं, आता नानांना जेवू घालणं आलं. सत्तरीतले, ताठ कण्याचे नाना ओसरीवर बसून बराच वेळ हा कोंबड्याचा खेळ पाहत होते. शेवटी ताट पुढ्यात आल्यावर त्यांनी विचारलं, "सुदर्शना, मागल्या बाजूला येवढी पाखरं हायेत. अन् तू ह्या एका कोंबड्यापायी घाम गाळतोस, ते कशापायी रं?"

सुदर्शन हसत म्हणाला, "नाना, ती विकायची पाखरं. पिल्लू आल्या दिवसापासनं पाण्यात औषध असतंय त्यांच्या. आपल्याला कशाला तसलं? आपन न्हाई खात."

नानांचा हात ताटातच थांबला. "मग खातंय कोन?"

"मंचरला जात्यात, पुण्याला जात्यात. व्यापारी गाडी भरून नेतो."

"त्या लोकास्नी लेकरंबाळं नसत्यात व्हय?"

सुदर्शनची आई साळुबाई भाकरी वाढत होती, ती तशीच उभी राहिली.

"आमच्या वाड्यावर एक रीत हाय," नाना शांतपणे म्हणाले. "जे आपल्या ताटाला चालत न्हाई, ते दुसऱ्याच्या ताटात जाऊ द्यायचं न्हाई. मेंढरू आजारी आसलं तर आमी बाजार दावत न्हाई त्याला."

सुदर्शनला ते चांगलंच झोंबलं. "नाना, तीन हजार पाखरं सांभाळून बघा एकदा! एक शिंकलं की हजार शिंकत्यात. औषध न्हाई टाकलं तर शेड रिकामं व्हईल माझं."

"आन् मागच्या खेपेला?" दाराआडून आरती बोलली. सुदर्शनची बायको कमी बोलायची, पण बोलली की नेमकं बोलायची. "औषध चालू व्हतं तवाच गाडी भरली ना आपन? पाकिटावर लिव्हलं व्हतं, औषध थांबवल्यावर इतके दिवस पाखरू विकू नका म्हनून."

बायकोनं चारचौघांत असं बोलावं! सुदर्शनचा चेहरा लाल झाला. अशा वेळी माणूस जे करतो तेच त्यानं केलं. पैज मारली.

"ठरलं! दोन महिन्यांवर यात्रा हाय. तिखटाच्या जेवनाला सगळा गाव माझ्याकडं. माझ्याच शेडातली पाखरं शिजवीन, औषधाचा थेंब न घालता वाढवलेली. अन् पहिला घास मी खाईन!"

रागाच्या भरात तोंडून निघालेले हे शब्द संध्याकाळपर्यंत गावभर झाले. पारावर, डेअरीवर, सलूनमध्ये एकच विषय. गावात अशी अकरा शेडं होती, आणि अकराही शेडवाल्यांची पद्धत एकच होती. बाकीचे दहा गालातल्या गालात हसू लागले. आता मागं फिरावं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही, आणि पुढं जावं तर तीन हजार जिवांचा प्रश्न!

नानांची नात प्रांजल ही जनावरांची डॉक्टर. ओझरजवळच्या दवाखान्यात तिची नेमणूक होती. नानांनीच तिला निरोप धाडला. दुसऱ्या दिवशी ती स्कूटीवरून आली, शेडात एक फेरी मारली आणि माळ्यावरच्या औषधांच्या पाकिटांकडं पाहून म्हणाली, "सुदर्शनदादा, माणसांच्या दवाखान्यात ज्या जातीची औषधं देतात, त्याच जातीची ही आहेत."

"मग चांगलीच की!"

"आजारी पक्ष्याला, पुरत्या प्रमाणात, डॉक्टरला विचारून दिली तर चांगलीच. पण तुम्ही धडधाकट पक्ष्याला रोज थोडं थोडं पाजता. त्यानं मरायचे ते जंतू मरतात, पण चिवट असतात ते सरावतात. उद्या तेच जंतू माणसाच्या अंगात शिरले, की डॉक्टरांचं औषधही हात टेकतं." ती क्षणभर थांबली. "माझ्या आजीच्या, सरुबाईच्या पायाला जखम झाली होती. तीन औषधं बदलली, चौथ्याला गुण आला. पाय जाता जाता वाचला. ते जंतू तुमच्या शेडातून आले असं मी म्हणत नाही. कुठून आले, कुणालाच सांगता येणार नाही. पण कुठंतरी कुणीतरी त्यांना सरावायला मदत केलीच ना?"

सुदर्शन मान खाली घालून ऐकत होता. सरुबाईच्या हातचा चहा त्यानं कितीतरी वेळा घेतला होता. आपल्या पाण्याच्या टाकीचा आणि त्या म्हातारीच्या पायाचा काही संबंध असू शकतो, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

प्रांजलनं सगळं समजावून सांगितलं. खाद्यात मोजून हळदीची आणि लसणाची पूड. पाण्यातून उपयोगी जिवाणूंची पावडर, म्हणजे पक्ष्याच्या आतड्यात चांगल्या जंतूंनी आधी जागा धरली, की वाईटांना थारा मिळत नाही. खाली तूस कोरडं, वर हवा खेळती, आणि शेडात गर्दी कमी. "आणि दादा, हा काही जादूटोणा नाही. नुसती हळद टाकून घाणीत पक्षी वाढवाल, तर ते मरतीलच. खरंच आजार आला तर औषध मी स्वतः लिहून देईन. मात्र मग ते पक्षी यात्रेच्या जेवणाला चालणार नाहीत."

शेडातल्या जुन्या पाखरांचं औषध बंद करून, पाकिटावरचे दिवस भरल्यावर ती विकली, शेड धुऊन काढलं आणि नवी पिल्लं आली. तीनऐवजी अडीच हजारच आणली. आरती वजनकाट्यावर लसूण आणि हळद तोलून खाद्यात मिसळायची. पहिल्याच आठवड्यात सुदर्शनला वाटलं, थोडा जास्त लसूण घातला तर जास्त गुण येईल. झालं! त्या वासानं पाखरांनी खाद्याकडं पाठच फिरवली. साळुबाईनं पोराला चांगलंच फैलावर घेतलं आणि लसणाचा डबा आपल्या ताब्यात ठेवला. पुढचे पंधरा दिवस सगळं कसं झकास चाललं होतं.

चोविसाव्या दिवशी मात्र घात झाला. ऊन मी म्हणत होतं. सकाळी शेडाचं दार उघडलं, तर तूस ओलं, पाखरं पंख पाडून बसलेली, विष्ठा पातळ. दोन दिवसांत चाळीस पक्षी मेले! गावातल्या शेडवाल्यांच्या कानावर बातमी जायला वेळ लागला नाही. व्यापारी हौशीरामचा फोन आला.

"कशाला हट्ट धरतोस राव? पाकीट फोड, पान्यात टाक, तीन दिवसांत पाखरं टुनटुनीत. अन् चौथ्या दिवशी गाडी धाडतो, घेतो सगळी. कुनाला कळायचंय?"

सुदर्शन शिडी लावून माळ्यावर चढला. पाकीट हातात घेतलं. खरंच, कुणाला कळणार होतं? यात्रेला दुसरीकडून पाखरं आणता आली असती. पैजही जिंकली असती आणि शेडही वाचलं असतं. त्याचा अंगठा पाकिटाच्या कडेवर होता. खाली उभी असलेली आरती नुसती वर पाहत राहिली. तेवढ्यात पाकिटावर लिहिलेले ते दिवस त्याच्या नजरेस पडले. पाकीट ठेवून तो खाली उतरला आणि त्यानं प्रांजलला फोन लावला.

ती तासाभरात आली. दोन मेलेले पक्षी उघडून तिनं तपासले. "आतडी सुजलीत, पण अजून हाताबाहेर गेलेलं नाही. उद्या संध्याकाळपर्यंत बघू. सुधारलं नाही तर औषध द्यावंच लागेल, पाखरांना तडफडत ठेवायचं नाही." मग ती कोड्यात पडल्यासारखी म्हणाली, "पण जिवाणूंची पावडर चालू असताना इतकं व्हायला नको होतं. ती कशात मिसळता?"

"टाकीत. रोज न चुकता!"

आरती टाकीपाशी गेली. तिनं ओंजळभर पाणी घेऊन नाकाशी नेलं आणि झटकन वळली. "अहो, ह्याला तर टीसीएलचा वास येतोय."

"येनारच की!" सुदर्शन अभिमानानं म्हणाला. "दर तीन दिवसांनी टीसीएल, ती ब्लीचिंगची पावडर, टाकतो मी टाकीत. जंतू मरायला नको? पानी शुद्ध पायजे म्हनून सांगितलंय ना ताईंनी!"

प्रांजलनं कपाळावर हात मारला. साळुबाईला मात्र डॉक्टरच्या आधी उमगलं. ती कडाडली, "आरं येड्या! विरजन लावलेल्या दुधात कुनी फिनेल वततं का? एका हातानं चांगलं जंतू सोडतोस अन् दुसऱ्या हातानं मारतोस!"

एवढ्या काळजीतही आरतीला हसू फुटलं. इतके दिवस बिचारा इमानेइतबारे चांगल्या जंतूंचा जीव घेत होता!

प्रांजलनं उपाय सांगितला, आणि सारं घर कामाला लागलं. वेगळा ड्रम घासून धुतला. सकाळी दोन तास त्या ड्रममधलं, टीसीएल न घातलेलं स्वच्छ पाणी आणि त्यात जिवाणूंची पावडर. ते पिऊन झालं, की मग टाकीचं नेहमीचं पाणी. ओलं तूस खोऱ्यानं ओढून बाहेर काढलं, नवं अंथरलं. पाखरांना पाणी देणारे गळके निपल बदलले. दुपारी शेडाच्या कडेनं ओली गोणपाटं टांगली. नाना स्वतः येऊन गोणपाटांवर पाणी मारत बसले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रांजल आली, तेव्हा पाखरं उठून खाद्याकडं चालली होती. त्या दिवशी नऊ मेली. नंतरच्या दिवशी तीन. त्याच्या पुढच्या सकाळी आरती शेडाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोनदा फिरली आणि दारात येऊन ओरडली, "एक बी न्हाई! आज एक बी न्हाई मेलं!"

सुदर्शन तिथंच तुसाच्या पोत्यावर बसला आणि लहान पोरासारखा रडला.

चाळिसाव्या दिवशी पक्षी सरासरी दोन किलोच्या वर भरले. प्रांजलनं मांसाचे नमुने प्रयोगशाळेत धाडले होते, त्यांचाही निकाल आला. औषधाचा अंश नाही!

यात्रेच्या दुसऱ्या दिवशी कुस्त्यांचा आखाडा आटोपून सगळा गाव सुदर्शनच्या अंगणात बसला. मोठमोठ्या पातेल्यांत रस्सा रटरटत होता. आरती शेजारणीला सांगत होती, "ह्या खेपेला शिजताना पानी लई कमी सुटलं बघ, मांस कसं घट्ट हाय." पंगत बसली, पण एकाचाही हात ताटाकडं जाईना. सगळ्यांचे डोळे सुदर्शनवर. त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, वर मांसाचा तुकडा घेतला आणि पहिला घास तोंडात घातला.

पंगतीत आरोळी उठली! नानांनी मिशीवरून हात फिरवला आणि ताट पुढं ओढलं. शेडातल्या कोंबडीला आयुष्यात न शिवलेल्या साळुबाईनं रस्सा दोनदा मागून घेतला. पैज जिंकली होती.

पण सुदर्शननं दुसरा घास ताटातच ठेवला. तो ताटावरून उठून उभा राहिला.

"मंडळी, जेवता जेवता ऐका. पैजेआधीची गाडी मी भरली, तवा पाखरांस्नी औषध चालू व्हतं. मला ठाऊक व्हतं, पाकिटावर लिव्हलं व्हतं. तरी भरली. ती पाखरं कुनाच्या ताटात गेली, कुनाच्या लेकरानं खाल्ली, मला ठाऊक न्हाई. त्यांची माफी मागायला त्यांचं नाव बी न्हाई माझ्याकडं. म्हनून तुमच्यापुढं सांगतो. माझं चुकलं!"

गालातल्या गालात हसणारे शेडवाले खाली पाहू लागले. मग त्यांतला दादाभाऊ, गावातला सगळ्यात मोठा शेडवाला, हळूच उभा राहिला. "सुदर्शन एकटाच न्हाई. माझी बी गाडी तशीच गेली. एकदा न्हाई, लई वेळा." त्याच्यामागं तिसरा उठला, चौथा उठला. प्रांजल पाण्याचा जग हातात धरून तशीच उभी होती, तिचे डोळे भरून आले होते. दादाभाऊ तिच्याकडं वळून म्हणाला, "ताई, उद्या माझ्या शेडावर या. माझ्या टाकीत बी बघा काय काय हाय ते!"

त्या उन्हाळ्यात अवसरीतल्या सात शेडांची माळ्यावरची पाकिटं खाली आली. उरलेल्या चार शेडवाल्यांशी नाना अजून बोलत आहेत, आणि नाना सहजासहजी हार मानणाऱ्यांतले नाहीत.

वाचकहो, शेड सगळ्यांकडं नसतं. पण कुणी भाजी पिकवतो, कुणी दूध घालतो, कुणी मिठाई विकतो, आणि प्रत्येकाच्या मालाच्या दुसऱ्या टोकाला एक ताट असतं. त्या ताटावर बसलेला माणूस आपल्याला दिसत नाही, त्याचं नाव आपल्याला कळत नाही. तो केवळ आपल्या भरवशावर घास उचलतो. जे आपण आपल्या लेकराला भरवणार नाही, ते त्याच्या लेकराला विकायचा आपल्याला अधिकार नाही!