सोळा वर्षांची सिग्ने

ग्रोविका हे गाव सेव्हेरिन थॉर्निंगला कधीच आवडलं नव्हतं. तसं त्याला कुठलंच गाव आवडत नसे. डेन्मार्क-नॉर्वेच्या किनाऱ्याने जन्मभर नाटक कंपनी हाकलेल्या माणसाला आवडती गावं नसतात. त्याला फक्त कमी वाईट आणि जास्त वाईट गावं ठाऊक असतात. एका गावात पाद्री प्रवचनातून नाटकवाल्यांना झोडपतो आणि प्रयोगाला पहिल्या रांगेत येऊन बसतो. दुसऱ्या गावात ऐन रंगात आलेल्या प्रवेशात बोट लागते आणि पडदा ओढणारे हमाल दोर सोडून धक्क्यावर पळतात. तिसऱ्यात सकाळ-संध्याकाळ खारवलेला मासा पुढ्यात ठेवतात आणि वर विचारतात, आवडला का? ग्रोविकात हे सगळं होतंच, शिवाय एक नाट्यमंडळही होतं.

मंडळ म्हणजे गावातले लाकडाचे व्यापारी, जहाजमालक आणि जकात अधिकारी. हिवाळ्यात रात्री लांबल्या की ही मंडळी आपापसांत नाटकं करत, आपापसांत बघत आणि आपापसांत वाहवा करत. त्याला कोणाची हरकत असायचं कारण नव्हतं. पण गावातलं एकुलतं एक नाटकगृह त्यांनी बांधलेलं होतं, आणि बाहेरच्या कंपनीला ते द्यायचं तर त्यांचा एक नियम होता: पहिल्या प्रयोगात मंडळातल्या एकाला काम मिळालंच पाहिजे. आजवर थॉर्निंगने हा नियम टपालवाला, नोकर, मेजवानीतला तिसरा पाहुणा असल्या कामांवर निभावून नेला होता. जकात अधिकारी दोनदा प्रेत झाले होते आणि दोन्ही वेळा शिंकले होते.

या खेपेला मंडळाचे अध्यक्ष कॉन्सुल हाउस्मान यांनी त्याला घरी बोलावलं, गरम दारूचा पेला हातात दिला आणि सांगितलं की यंदा त्यांच्या पत्नी, फ्रू म्हणजे श्रीमती बोलेत्ते, काम करणार आहेत.

"आनंद आहे," थॉर्निंग म्हणाला. "आईची भूमिका त्यांना शोभेल."

"आई नव्हे हो. सिग्ने."

थॉर्निंगने पेला खाली ठेवला. सिग्ने म्हणजे नाटकाची नायिका. सोळा वर्षांची कोळ्याची पोर. जीव जडलाय एका खलाशावर, आणि विधवा आई तिला म्हाताऱ्या सावकाराच्या गळ्यात बांधायला निघालेली. हे नाटक कंपनीची भाकर होतं, आणि कंपनी निघाल्यापासून सिग्ने एकाच बाईने केली होती. ती म्हणजे ओटिलिया, थॉर्निंगची बायको.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी थॉर्निंग स्वतःशीसुद्धा मोठ्याने बोलत नसे. ओटिलिया एके काळी खांद्यावर जाळं टाकून अनवाणी रंगमंचावर यायची तेव्हा लोक श्वास रोखून बसायचे. अलीकडे ती आली की मागच्या बाकांवर खुसखुस व्हायची. सोळा वर्षांची पोर गुडघ्यावर हात टेकून उठते म्हटल्यावर लोक तरी काय करतील? थॉर्निंगने त्यावर एक तोड काढली होती. तिच्या प्रवेशाच्या नेमक्या क्षणी तो विंगेत कोणावर तरी तुटून पडायचा. दिवेवाला, सुतार, पेटी नको तिथे ठेवणारा, जो हाताशी सापडेल तो. त्याचा आवाज नाटकगृहाच्या छपरापर्यंत जायचा आणि त्याखाली ते हसू दबून जायचं. कंपनीतले लोक म्हणायचे, डायरेक्टरचं डोकं फिरलंय. म्हणोत. ओटिलियाच्या कानावर ते हसू पडलं तर ती त्या जागी कोसळेल, याची त्याला खात्री होती, आणि जगात त्याला दुसऱ्या कशाचंच एवढं भय वाटत नव्हतं.

"कॉन्सुलसाहेब," तो शक्य तितक्या गोडीने म्हणाला, "सिग्ने सोळा वर्षांची आहे."

"माहीत आहे की. वाचलंय मी नाटक."

"मग फ्रू बोलेत्ते यांचं वय, म्हणजे मला असं म्हणायचंय की—"

"तुमच्या पत्नींपेक्षा ती चांगली सहा वर्षांनी लहान आहे," कॉन्सुल म्हणाले. "घ्या ना, केक घ्या."

स्वतःचंच अस्त्र उलटून छातीवर आलं होतं. वयाचा मुद्दा काढावा तर बायकोचं वय चव्हाट्यावर येतं, आणि न काढावा तर तिची भूमिका जाते. बरं, रागारागाने बिऱ्हाड उचलावं तर बोट कालच गेली होती, पुढचीचा भरवसा नव्हता आणि खाडी गोठायला लागली होती. अडला हरी गाढवाचे पाय धरी. थॉर्निंगने केक खाल्ला. तोही शिळा होता.

बिऱ्हाडी परतताना त्याने ओटिलियाला सांगायची वाक्यं मनात जुळवली. ती खिडकीशी बसून मोजे रफू करत होती.

"हे बघ," त्याने दारातूनच सुरुवात केली, "हे गाव म्हणजे गाढवांचा बाजार आहे. त्या हाउस्मानला नाटकातलं ओ की ठो कळत नाही. लाकूड विकतो आणि डोकंही लाकडाचंच—"

"सिग्ने मागितली का त्याच्या बायकोने?"

"तुला कोणी सांगितलं?"

"घराच्या मालकीणबाई सांगत होत्या. फ्रू बोलेत्तेने रेशमी झगा शिवायला टाकलाय म्हणे."

"रेशमी? कोळ्याच्या पोरीला?" थॉर्निंगचा पारा चढला. "एकच प्रयोग, ओटिलिया. नियम पहिल्या प्रयोगापुरता आहे. दुसऱ्यापासून तूच. तू मनाला लावून घेऊ नकोस."

"बरं," ओटिलिया म्हणाली. "मग आईचं काम मी करते. एरवी ते करणाऱ्या मादाम लुंडचा गाल सुजलाय, तिला तेवढीच विश्रांती."

ती हे अगदी शांतपणे म्हणाली. तिने आदळआपट केली असती तर त्याला बरं वाटलं असतं. आतल्या आत सोसतेय बिचारी, असं त्याने ठरवून टाकलं आणि त्या रागाचं खापर घरात शेगडी नीट पेटत नाही म्हणून मालकीणबाईंवर फोडलं.

तालमी सुरू झाल्या आणि त्याच्या नाकी नऊ आले. फ्रू बोलेत्ते भरदार, देखणी आणि अत्यंत मायाळू बाई होती, हीच खरी अडचण होती. वाईट बाईला झापता येतं. ही प्रत्येक तालमीला सगळ्या कंपनीसाठी गोड वेफर आणि कॉफी घेऊन यायची, प्रत्येकाच्या खोकल्याची चौकशी करायची, आणि मग रंगमंचाच्या मधोमध उभी राहून शाळेत कविता म्हणावी तशी वाक्यं म्हणायची. पाठोपाठ मंडळाचे सभासद. ते बाकांवर ओळीने बसायचे आणि सल्ले द्यायचे.

"डायरेक्टरसाहेब, सावकार एवढा कंजूष कशाला दाखवताय?" एक लाकूडवाला म्हणाला. "धंदेवाईक माणसाला कुटुंबाचंही बघावं लागतं."

"तो नाटकातला खलनायक आहे."

"असेल. पण त्याची बाजू कोणी मांडलीच नाही."

थॉर्निंगने विंगेत जाऊन भिंतीवर डोकं टेकलं. क्विस्ट, कंपनीचा म्हातारा प्रॉम्प्टर, आपल्या पेटीसारख्या खळग्यातून मान वर काढून म्हणाला, "बाईंना वाक्यं पाठ आहेत हो. फक्त त्या कोणाशी बोलताहेत ते त्यांना माहीत नाही."

"तू तुझं तोंड प्रयोगासाठी राखून ठेव," थॉर्निंग खेकसला.

प्रयोगाच्या संध्याकाळी नाटकगृह खच्चून भरलं. पाद्री पहिल्या रांगेत होताच. पहिला अंक कसाबसा पार पडला. फ्रू बोलेत्ते रेशमी झग्यात, खांद्यावर जाळं नाजूकपणे धरून आल्या आणि सगळ्या गावाने टाळ्या वाजवल्या, कारण अर्धं गाव त्यांच्या नवऱ्याकडे कामाला होतं. थॉर्निंग विंगेत उभा राहून दात खात होता. याच जागी ओटिलियाला हसतात आणि हिला टाळ्या? रंगभूमीवर न्याय म्हणून काही उरलाच नाही, असं त्याला मनापासून वाटलं.

दुसऱ्या अंकात आई आणि मुलीचा मोठा प्रवेश होता. सिग्ने आईपुढे गुडघे टेकते आणि पहिल्यांदाच मनातलं सगळं सांगते. फ्रू बोलेत्तेंनी गुडघे टेकले. वर पाहिलं. समोर ओटिलिया होती, केसांना राखाडी पावडर, खांद्यावर जुनी शाल, चेहऱ्यावर रंगाने ओढलेल्या सुरकुत्या. तिने सिग्नेकडे असं पाहिलं की फ्रू बोलेत्तेंना एकाएकी समजलं, आपण कोणाशी तरी खरंच बोलतोय. आणि त्यांचं तोंड बंद झालं.

क्विस्टने वाक्य सांगितलं. पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा इतक्या मोठ्याने सांगितलं की पाद्र्यालाही ऐकू गेलं. फ्रू बोलेत्ते ओठ हलवत होत्या आणि आवाज फुटत नव्हता. थॉर्निंगने डोळे मिटले. झालं. संपलं. पडदा पाडायला हात उचलला तर दोराशी हमाल नव्हता, बोट लागली म्हणून धक्क्यावर होता.

तेवढ्यात ओटिलियाचा आवाज आला.

"बोलू नकोस. मला माहितेय तू काय सांगणार आहेस." ती हळूच खाली बसली आणि तिने त्या बाईचा चेहरा दोन्ही हातांत घेतला. "सांगणारेस की तो गरीब आहे. सांगणारेस की तो परत येईल न येईल. रात्री वारा सुटला की तू उठून दार उघडतेस, आणि तुला वाटतं, आईला वाटेल कोंबड्यांना बघायला गेली. होय ना? सावकाराच्या घरी चांदीची भांडी आहेत आणि त्यांत जेवताना तुझ्या घशाखाली घास उतरणार नाही. हेच ना, पोरी?"

फ्रू बोलेत्तेंनी मान हलवली. त्यांच्या डोळ्यांतून खरं पाणी वाहायला लागलं.

ही सगळी सिग्नेची वाक्यं होती. ओटिलियाने जन्मभर म्हटलेली. पण मुलीच्या तोंडी ती हट्टाची वाटायची आणि आईच्या तोंडी ती निराळीच झाली होती, जणू त्या बाईने स्वतःच्या पोरीचं दुःख रोज चोरून ऐकलं होतं आणि आजवर ऐकलं नाही असं दाखवलं होतं. नाटकगृहात कोणी खोकलं नाही. लाकूडवाला, ज्याला सावकाराची बाजू मांडायची होती, तो बाही डोळ्यांना लावून बसला. थॉर्निंगला कोणावर ओरडायचं सुचेना.

शेवटचा पडदा पडल्यावर सगळं मंडळ आत घुसलं. फ्रू बोलेत्तेंना फुलं मिळाली. "मी ठरवूनच गप्प राहिले," त्या सगळ्यांना सांगत होत्या, "भावनाच तशी दाटली," आणि अगदी तसंच झालं असं त्यांना एव्हाना खरोखर वाटू लागलं होतं. कॉन्सुलनी थॉर्निंगचा हात दाबून सांगितलं की उद्याही हीच पात्रं हवीत. थॉर्निंग त्यांच्या हातून निसटला आणि पडद्यामागच्या खोलीत शिरला. ओटिलिया आरशासमोर बसून केसांतली पावडर झटकत होती.

"गेले सगळे खड्ड्यात," तो म्हणाला. "नियम पहिल्या प्रयोगापुरता होता, तो झाला. उद्या सिग्ने तूच करायचीस. मी आत्ता जाऊन सांगतो त्या लाकूडतोड्याला."

"नको."

"रागावलीस ना? मला माहीत होतं."

"रागावले नाही. सेव्हेरिन, आज मी स्टेजवर गेले तेव्हा कोणी हसलं नाही."

थॉर्निंगने दाराची कडी धरली. "हसलं नाही म्हणजे? कोण हसतं? कुठे हसतात?"

"अरे, मी स्टेजवर असते. मला ऐकू येणार नाही का?" ती पावडर झटकतच राहिली. "सिग्ने आत येते, मागची बाकं खुसखुसतात, आणि विंगेत तू कोणाच्या तरी सात पिढ्या काढतोस. पहिल्या पहिल्यांदा मला वाटायचं खरंच दिवा पडला. मग कळलं."

"आणि तू बोलली नाहीस?"

"बोलले की. ड्रामेन गावी असताना बोलायला घेतलं, तू दिवेवाल्यावर घसरलास. लार्विकच्या मुक्कामात म्हटलं, मला आता आईची कामं दे, तर तू घोडागाडीवाल्याशी भांडायला बाहेर गेलास ते जेवणाच्या वेळेलाच आलास. मग मी म्हटलं, याला सिग्ने हवी आहे, तर असू दे. याच्यासाठी करू."

"मला?" थॉर्निंगचा आवाज चिरकला. "मी तर तुझ्यासाठी... तू मोडशील म्हणून मी इतकी वर्षं त्या बिचाऱ्या दिवेवाल्याला..."

इतकी वर्षं ती त्याच्यासाठी अनवाणी धावत होती, गुडघे दुखत असताना, हसू ऐकत. आणि तो तिच्यासाठी घसा फोडत होता. दोघांपैकी एकाने जरी एकदा गप्प बसून दुसऱ्याचं ऐकलं असतं, तर. त्यातही दोघांपैकी कोणाला गप्प बसायला जमत नव्हतं हे उघड होतं, आणि यावर रागवायचं तर समोर स्वतःशिवाय दुसरं कोणी नव्हतं.

तो स्टूल ओढून तिच्याजवळ बसला. चरबीत बुडवलेलं फडकं उचललं आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग पुसू लागला. कपाळावरच्या रेघा गेल्या. गालावरच्या गेल्या. डोळ्याच्या कोपऱ्यापाशी एक रेघ जाईना. त्याने पुन्हा चरबी लावली, जोरात घासलं, तोंडातल्या तोंडात रंग विकणाऱ्याला शिवी दिली.

ओटिलियाने त्याचा हात धरला. "पुरे आता," ती म्हणाली. "ती माझी आहे."